मास्तरांची सनद



ज्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावयाचे तेथे आम्हांस उभे केले, याचा दोष आमच्याकडे नाही. तो व्यवस्थापक मंडळींकडे आहे. आमची दिवसाची शाळा सातवीत सुटली. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, वडिलांचा पगार थांबला, आणि पुढल्या वर्षी आम्ही दप्तर खुंटीला टांगून एका कारखान्यात पडेल ते काम करू लागलो. त्यानंतर जे काही थोडेफार शिकलो ते रात्रशाळेत, युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापाशी आणि कामगारांच्या सभांत. तेव्हा आज शिक्षकाच्या परवान्याचा इतिहास सांगणारा माणूस स्वतः बिनपरवान्याचा आहे, हे आरंभीच सांगून मोकळे होतो.

पण परवाना ही चीज काय असते, हे कामगारात तीस वर्षे काढलेल्या माणसास ठाऊक असते. कारखान्यात बॉयलरवर उभा राहणारा माणूस सर्टिफिकेटवाला लागतो. तारा जोडणाऱ्यास वायरमनचे लायसन्स लागते. मोटार हाकणाऱ्यास ते लागते, हे तर तुम्ही सर्व जाणताच. ज्याच्या चुकीने दुसऱ्याचे नुकसान व्हावयाचे, त्याच्या हाती कौशल्याचा कागद असला पाहिजे, हा त्यातला न्याय. मात्र कामगाराच्या लेखी त्या कागदाला दुसरी बाजूही असते. बॉयलरवाला मालकाला म्हणू शकतो की, हे काम कोणीही उपटसुंभ करू शकत नाही. मी ते शिकलो आहे. म्हणून माझा दर वेगळा, आणि उद्या तुमच्या मेव्हण्याला येथे आणून उभे करता येणार नाही. तात्पर्य, सनद हा एकतर्फी हुकूम नव्हे. तो करार आहे. माणसाने शिकून यावे ही एक बाजू, आणि शिकून आलेल्यास समाजाने पोटभर वेतन व स्थैर्य द्यावे ही दुसरी. मास्तरांच्या सनदेचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास आम्ही या दृष्टीने वाचला. त्यात कधी एक बाजू पाळली गेली, कधी दुसरी. दोन्ही एकदम पाळल्या गेल्या असे प्रसंग थोडे.

प्रथम पंतोजींकडे जाऊ. इंग्रजी अंमलापूर्वी गावोगावच्या शाळा पंतोजी चालवीत. कोणाच्या ओसरीवर, कोणाच्या देवळात धूळपाटी मांडावयाची. मोडी अक्षर, उजळणी, पावकी-निमकी, हिशेब, एवढा अभ्यास. पंतोजीस कोणी परीक्षा घेऊन नेमीत नसे. गावाने ठेवले म्हणून तो पंतोजी. त्याची मिळकत म्हणजे मुलामागे मिळणारे धान्य, थोडे पैसे, सणावारी शिधा. त्याच्या छडीच्या कथा आपण हसत सांगतो, पण त्याच्या पोटाची कथा कोणी सांगत नाही. पीक बुडाले की शाळा बुडे. सनद नव्हती, तसे वेतनही नव्हते. आणि हेही विसरता कामा नये की त्या ओसरीवर शूद्रातिशूद्रांच्या मुलांस व बहुतेक सगळ्या मुलींस जागा नव्हती.

पेशवाई गेल्यावर मुंबई इलाख्यात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या काळात शिक्षणाचा नवा उद्योग सुरू झाला. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या कामात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हा इंजिनियर पुढे होता. सोसायटीने पुस्तके छापली, आणि मग तिच्या ध्यानात आले की नवे पुस्तक जुन्या पंतोजीच्या हाती देऊन भागत नाही. म्हणून काही तरुणांस मुंबईत शिकवून तयार केले आणि १८२६ मध्ये असे २४ शिक्षक निरनिराळ्या जिल्ह्यांत पाठविले. त्यांत मराठी शाळांसाठी काही होते, गुजराती शाळांसाठी काही होते. आपल्याकडील ‘शिकून आलेला मास्तर’ या जातीचे हे पहिले पूर्वज. त्यांचा पगार सरकारी तिजोरीतून होता, गावच्या शिध्यावर नव्हता. म्हणजे पहिल्याच खेपेस कराराच्या दोन्ही बाजू, लहान प्रमाणात का होईना, एकत्र आल्या होत्या.

पुढे १८४५ च्या सुमारास मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या जोडीने शिक्षक तयार करण्याचा नॉर्मल वर्ग निघाला आणि त्याची सूत्रे बाळशास्त्री जांभेकरांकडे आली. ‘दर्पण’कर्ते म्हणून आपण त्यांस ओळखतो, खेड्यातल्या शाळांसाठी मास्तर घडविण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. १८४६ मध्ये ते वारले. वय अवघे चौतिशीचे. त्यानंतर १८५४ चा वुडचा खलिता आला. शिक्षक तयार करणाऱ्या शाळा प्रत्येक इलाख्यात काढाव्यात, तेथे शिकणाऱ्यांस विद्यावेतन द्यावे आणि शिकून बाहेर पडल्यावर त्यांस पुरेशा पगाराची जागा मिळावी, असे धोरण त्यात होते. विद्यावेतन हा शब्द ध्यानात ठेवा. सनद मिळविण्याचा खर्च उमेदवाराच्या बापाने करावयाचा नसून ज्यास शिक्षक हवा त्या सरकारने करावयाचा, असे विलायतेतल्या साहेबासही त्या काळी वाटत होते. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या विद्वानाने भूषविले, यावरून मास्तर घडविण्याच्या कामास तेव्हा किती मान होता तेही दिसते.

आता सावित्रीबाईंकडे वळू. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंवर शेणमाती फेकणाऱ्यांची गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो. तीत एक तपशील राहून जातो. त्यांनी अहमदनगरच्या मिस फरार यांच्याकडे आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्या बाईला शाळेत पाऊल टाकण्याचाच हक्क नाही असे गाव म्हणत होते, ती बाई काम शिकून शाळेत गेली. त्यानंतर मेरी कार्पेंटर या बाई १८६६ मध्ये हिंदुस्थानात आल्या आणि त्यांनी मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका तयार करण्याचा आग्रह सरकारपाशी धरला. १८७० मध्ये पुण्यात स्त्रियांचे ट्रेनिंग कॉलेज निघाले. विधवा, परित्यक्ता, गरीब घरच्या बायका यांस पुढील काळात स्वतःच्या नावाचा पगार मिळण्याचा जो थोडा मार्ग उघडला, तो या कागदातून. बाईच्या हाती दागिना असला तर तो नवरा किंवा सासरा काढून घेऊ शके. ट्रेनिंगचे सर्टिफिकेट काढून घेऊन कोणास वापरता येत नसे.

कराराची गोष्ट सर्वांत स्वच्छ शब्दांत ज्याने सांगितली तो पुरुष म्हणजे जोतीराव फुले. १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन ठेवले, ते आम्ही युनियनच्या कचेरीत प्रथम वाचले तेव्हा हे एखाद्या मागणीपत्रासारखे आहे असे वाटले. जोतीराव म्हणतात, प्राथमिक शिक्षक शिकून तयार झालेला असावा. तो शक्यतो शेतकरी वर्गातून यावा. नांगर वा वाकस हाती धरण्याची ज्यास लाज वाटत नाही आणि गरिबांत जो मिसळू शकतो असा असावा. ही झाली एक बाजू. लगेच दुसरी. अशा शिक्षकास महिना १२ रुपयांहून कमी देऊ नये, मोठ्या गावी १५ किंवा २० द्यावेत. गावचे हिशेब, दस्तनोंदणी, टपाल, स्टँपविक्री अशी कामे जोडून त्याची मिळकत वाढवावी, म्हणजे गावात त्याचे वजनही वाढेल. गुण आणि दाम यांचा जोड त्यांनी कोठेही तुटू दिलेला नाही.

हंटर आयोगाने जोतीरावांचे सारेच ऐकले असे नाही. पण माध्यमिक शाळांसाठी त्याने एक शिफारस केली ती आजच्या विषयाच्या मुळाशी आहे. अध्यापनाची तत्त्वे आणि प्रत्यक्ष अध्यापन यांची एक परीक्षा असावी, आणि ती उतरल्याखेरीज माध्यमिक शाळेत कायमची नेमणूक मिळू नये, ही ती शिफारस. आमच्या भाषेत सांगावयाचे तर ‘सनद नाही तर कायम नाही’. याच सुमारास पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले होते, १८८० मध्ये. विष्णुशास्त्री, टिळक, आगरकर यांच्यापाशी अध्यापनाची कोणतीही सनद नव्हती. तशी परीक्षाच तेव्हा नव्हती. ‘सनद हवी कशाला, टिळकांपाशी कोठे होती?’ असा प्रश्न आजही विचारला जातो. त्याचे उत्तर सोपे आहे. टिळक-आगरकरांच्या तोलाची माणसे प्रत्येक वाडीस पुरतील इतकी कोणत्याही देशात जन्मत नाहीत. सनद ही सामान्य माणसाने चांगले काम करावे यासाठी असते.

विसाव्या शतकात ही सनद महाराष्ट्राच्या घराघरांत पोचली. १९०६ मध्ये मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाले. पदवीधर मास्तरांच्या नावापुढे एस.टी.सी., बी.टी. अशी अक्षरे आली, त्याच बी.टी.चे पुढे बी.एड. झाले. आचार्य अत्रे बी.टी. होऊन शिवाय लंडनची शिक्षकाची पदविका घेऊन आले होते, हे त्यांच्या विनोदापुढे लोक विसरतात. खेड्यात मात्र मोठी परीक्षा ती व्हर्नाक्युलर फायनल. सातवीची फायनल पास झालेला पोरगा मास्तर होऊ शकत असे. तो आधी ‘अनट्रेंड’ म्हणून लागे, मग पाळी आली की ट्रेनिंगला जाई आणि ‘ट्रेंड’ होऊन परत येई. पुढे ज्युनिअर पी.टी.सी., सीनिअर पी.टी.सी. अशी नावे झाली. ज्याच्या बापाच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, त्याच्या अंगावर या कागदाने स्वच्छ सदरा आणि डोक्यावर टोपी चढविली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ मध्ये साताऱ्यास सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले ते हेच ओळखून. खेड्यातला पोर शिकवून पुन्हा खेड्यात मास्तर म्हणून पाठवावयाचा, ही जोतीरावांची १८८२ ची मागणी त्यांनी तेथे अमलात आणली.

पण या काळात कराराची दुसरी बाजू कशी होती? १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे गेल्या, १९४७ च्या कायद्याने शाळा मंडळे आली, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. शाळा वाढल्या हे खरे. त्याबरोबर मास्तरांच्या डोक्यावर बदलीची टांगती तलवारही आली. निवडणुकीत सभासदाच्या मर्जीबाहेर गेला की मास्तर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. खासगी शाळांत तर चालकाची लहर हाच कायदा. उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी काढावयाचे, जूनमध्ये पुन्हा घ्यावयाचे, म्हणजे सुटीचा पगार वाचला. गिरणीतला बदली कामगार रोज सकाळी फाटकापाशी उभा राही, हा मास्तर दर जूनला. सह्या एका रकमेवर, हातात दुसरीच रक्कम, हा प्रकारही आपणांस नवा नाही.

ही स्थिती मोडली ती विनंत्यांनी नव्हे. १९७७-७८ मध्ये सरकारी कर्मचारी, जिल्हा परिषदांचे कर्मचारी आणि शिक्षक यांनी ५४ दिवसांचा संप केला. त्याच काळात खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा झाला आणि १९८१ मध्ये त्याचे नियम आले. शिक्षक पात्र असला आणि दोन वर्षांची परिवीक्षा त्याने नीट पार पाडली, तर तो कायम. चौकशीवाचून काढता येणार नाही. काढलेच तर न्यायाधिकरणापुढे दाद. ज्येष्ठता ठरवितानाही अर्हता आणि ट्रेनिंग यांचा हिशेब लागू झाला. १८८२ च्या हंटर आयोगाने ‘सनद नाही तर कायम नाही’ म्हटले होते. ‘सनद आहे तर कायम केलेच पाहिजे’ हे वाक्य कायद्यात यावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली.

श्रोतेहो, येथे आमचे व्याख्यान संपले असते तर किती बरे झाले असते! पण पुढचा भाग तुमच्या-आमच्या डोळ्यांदेखत घडला आहे.

२००० साली ‘शिक्षणसेवक’ हा शब्द आला. डी.एड. झालेल्या, म्हणजे सनद हातात असलेल्या माणसास प्राथमिक शाळेत तीन वर्षे महिना ३,००० रुपये मानधनावर राबवावयाचे. पगारास मानधन म्हटले आणि शिक्षकास सेवक म्हटले की रक्कम कमी करता येते, हा शोध त्या वेळी लागला. मानधन पुढे ६,००० झाले, २०२३ मध्ये १६,००० झाले; शब्द तोच राहिला. २००१ मध्ये ‘कायम विनाअनुदानित’ शाळा निघाल्या. ‘कायम’ हा कामगाराच्या भाषेतला सर्वांत गोड शब्द. त्याचा असा उपयोग आम्ही स्वप्नातही कल्पिला नव्हता: मास्तर कायम नाही, अनुदान नसणे तेवढे कायम! २००९ मध्ये तो शब्द काढला, पण पूर्ण पगाराची वाट पाहण्यात कित्येकांचे केस पिकले. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शनही गेली. कराराच्या दुसऱ्या बाजूची एकेक वीट अशी निघत गेली.

आणि पहिली बाजू? ती बाजारात मांडली गेली. अध्यापक विद्यालये कुत्र्याच्या छत्रीसारखी उगवली. महाराष्ट्रातील अशा २९१ संस्थांच्या मान्यतेचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यातून न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. आयोगाने २०१२ मध्ये अहवाल दिला. त्या संस्थांपैकी बहुतेक तपासणीत उतरल्या नाहीत. वुडच्या खलित्यात उमेदवारास विद्यावेतन होते. आता उमेदवाराचा बाप जमीन गहाण टाकून सनद विकत घेऊ लागला, आणि सनद घेऊन पोरगा पुन्हा बापाच्याच शेतावर येऊन बसला.

मग उपाय म्हणून आणखी एक परीक्षा आली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर, २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आवश्यक झाली. दीडशे गुणांची परीक्षा, खुल्या वर्गास ९० गुण हवेत. महाराष्ट्रात ती २०१३ च्या डिसेंबरात प्रथम झाली. बहुतेक वेळी शंभरांत दहाही उमेदवार उतरत नाहीत असे तिचे निकाल. त्यावर २०१७ पासून नोकरीसाठी आणखी एक चाचणी. म्हणजे डी.एड.चा कागद, टीईटीचा कागद, चाचणीचे गुण, आणि मग सेवक! २०२१ च्या अखेरीस तर परीक्षेतच पैसे घेऊन गुण वाढविल्याचे पोलिसांनी उघडकीस आणले आणि पुढल्या वर्षी ७,८०० हून अधिक उमेदवार बाद ठरविले गेले. ज्यांनी रात्री जागून अभ्यास केला त्यांच्या कागदावरही त्या डागाचे शिंतोडे उडाले.

१ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ज्यांची पाच वर्षांहून अधिक नोकरी उरली आहे अशा जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, अन्यथा नोकरी सोडावी. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांनी परीक्षेवाचून राहावे, मात्र बढती मागू नये. तो निकाल आला त्या आठवड्यात एक बाई आमच्या कचेरीत आल्या. नोकरी सत्तावीस वर्षे झालेली. पिशवीत मुलांच्या वह्या आणि टीईटीचे मार्गदर्शक एकत्र. म्हणाल्या, “दादा, मी तेव्हा सरकारने मागितला तो कागद दिला होता. तो खोटा होता का?”

आम्ही सभा भरविली. जोरात भाषण ठोकले, परीक्षाच नको अशी घोषणा दिली, टाळ्याही पडल्या. सभा संपल्यावर मागच्या बाकावरची एक मोलकरीण पुढे आली. ती शिक्षिका नव्हती, भांडी घासून परतताना थांबली होती. ती म्हणाली, “तुमचं खरंय. पण माझ्या पोराला पाचवीत असून वाचता येत नाही. त्याच्या वर्गात कोण उभं राहतंय, हे आम्ही कशावरून ओळखायचं?” तीस वर्षांत मालकाच्या वकिलापुढे आम्ही कधी अडलो नाही, त्या बाईपुढे अडलो. ‘परीक्षाच नको’ ही घोषणा आम्ही त्या रात्रीपासून सोडली. कारण सनदेवर पहिला हक्क तिच्या पोराचा आहे.

मग त्या सत्तावीस वर्षांच्या बाईंना काय सांगावयाचे? उत्तर आम्हांस आमच्या रात्रशाळेच्या मास्तरांत सापडले. ते दिवसा एका शाळेत शिकवीत आणि रात्री आम्हां कारखान्यातल्या पोरांस. अनट्रेंड म्हणून लागले, चाळिशीच्या आसपास ट्रेनिंगला गेले. घरी चार लेकरे. पण नोकरी राखून, पदरी काही देऊन त्यांस पाठविले होते. ते एकदा म्हणाले, “ट्रेनिंगला जाण्यापूर्वी मी बेधडक शिकवीत असे. परत आलो तो भीत भीत शिकवू लागलो. पोराला समजले नाही तर दोष माझाही असू शकतो, हे तिथे कळले.” ज्या सनदेने माणसास आपल्या कामाचे भय आणि अभिमान दोन्ही शिकविले, ती खरी सनद. आणि ती त्यांस पगार, नोकरी, इभ्रत यांस धक्का न लावता मिळाली.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच. जुन्या शिक्षकास पुन्हा शिकावयास सांगा, जरूर सांगा. पण कामाच्या वेळात, सरकारच्या खर्चाने, आणि त्याच्या पाठीवर पेन्शन जाण्याची छडी न उगारता. त्यास दीडशे प्रश्नांच्या कागदावर तोलू नका, वर्गात जाऊन तोला. नव्या उमेदवाराची परीक्षा कडक घ्या; पण ती उतरलेल्यास सेवक म्हणू नका, शिक्षक म्हणा आणि शिक्षकाचा पगार द्या. आणि शिक्षकबंधूंनो, तुम्हांसही एक सांगणे आहे. ज्या सनदेच्या जोरावर आपण कायम झालो, तिचे देणे वर्गातल्या शेवटच्या बाकावर बसलेले असते. मागणीपत्र लिहिताना त्या बाकाकडे पाठ करून बसू नका.

१८८२ मध्ये जोतीरावांनी १२ रुपये मागितले ते मास्तरांची दया येऊन नव्हे. उपाशी आणि न शिकलेला मास्तर गरिबाच्या पोरास काही देऊ शकत नाही, एवढा साधा हिशेब त्यांनी मांडला होता. आपल्या गावच्या शाळेत येत्या जूनमध्ये जो नवा मास्तर किंवा जी नवी बाई येईल, तिला आपण दोन प्रश्न विचारू या. “तुम्ही काय शिकून आलात?” हा पहिला. तो आपण नेहमीच विचारतो. “तुम्हांस पगार किती, आणि तो हाती येतो का?” हा दुसरा. तो विचारण्याची सवय अजून आपणांस लावून घ्यावयाची आहे.